सेंट एलिझाबेथची शेतं बघायला दिवसाच्या सहलीने जाऊ नये

कोरडवाहू (धागाकर्ता)

जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला सेंट एलिझाबेथ नावाचा पॅरिश आहे. आपला जिल्हा समजा. त्यातला ट्रेझर बीच, फ्लॅगामन, साउथफील्ड, जंक्शन हा पट्टा सांताक्रूझ डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतो. वर बॉक्साइटची तांबडी माती, खाली चुनखडक. पडलेलं पाणी सरळ पोटात जातं, वाहता ओढा जवळपास सापडत नाही. तरीही देशाच्या भाजीपाल्याचा मोठा वाटा इथून निघतो: कांद्याची पात, थाइम, टोमॅटो, गाजर, कलिंगड, रताळी. हे जमतं ते गिनी गवतामुळे. आपल्याकडे जे गोठ्यासाठी लावतात, तेच. इथे ते कापून जमिनीवर अंथरतात आणि त्या थरातून रोप लावतात.

अमेरिका-कॅनडातून सुट्टीला जाणारी आपली माणसं माँटेगो बेच्या रिसॉर्टवर राहतात आणि हा भाग एका दिवसात उरकायचं ठरवतात. माझं मत स्पष्ट आहे: तसं जाऊ नये. माँटेगो बेहून ट्रेझर बीच गाडीने अडीच तास. नाश्ता करून आठला निघालात तर पोहोचेपर्यंत साडेदहा. शेतातलं काम उजाडल्यापासून उन्हं तापेपर्यंत चालतं आणि पुन्हा चारनंतर सुरू होतं. म्हणजे तुम्ही नेमके मोकळ्या शेतात उभे राहणार, आणि कुणीतरी तुमच्यासाठी विश्रांती सोडून उन्हात येणार. दुपारी तीनला परतीची घाई. यात बघायला काही मिळत नाही आणि गावाच्या हातीही फारसं पडत नाही.

गावातल्या गेस्टहाऊसमध्ये निदान तीन रात्री राहा. त्यातली एक बुधवारची किंवा गुरुवारची असू द्या. शनिवार हा तिथल्या बाजाराचा मोठा दिवस, त्यामुळे गुरुवार-शुक्रवारी काढणी, जुड्या बांधणं आणि हिग्लर बायकांचं माल भरणं चालतं. हिग्लर म्हणजे शेतावरून माल उचलून किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटसारख्या बाजारात नेणाऱ्या व्यापारी बाया. त्यांचा भाव ठरताना बघितला की या शेतीचं अर्थकारण कळतं.

पाणवठा

वेळेचा मुद्दा मान्य. मुक्कामाचा सल्ला मात्र धोक्याचा वाटतो, आणि त्याचं कारण पाणी.

पर्यटनाचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. या पट्ट्यात पावसाची दोन शिखरं: मे-जूनच्या आसपास एक, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास दुसरं. डिसेंबर ते मार्च कोरडे. म्हणजे पाहुणे सर्वांत जास्त तेव्हाच, जेव्हा टाकीत पाणी सर्वांत कमी. छपरावरचं पाणी काँक्रीटच्या टाकीत साठवायचं, ते संपलं की टँकर विकत घ्यायचा, अशी कितीतरी घरांची रीत आहे.

हिशेब करा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर कागदावर १,००० लिटर. पहिला धुवणीचा लोट आणि गळती वजा जाता ८०० धरा. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दोन पाहुणे दहा-दहा मिनिटं उभे राहिले की १६० लिटर गेले. पाच दिवसांत त्या पावसाचं सगळं पाणी संपलं, आणि यात फ्लश धरलेलाच नाही. तेवढ्या पाण्यात रोपाला पाव लिटर या मापाने ३,२०० रोपं एकदा भिजतात.

दिवसाचा पाहुणा निदान पाणी पीत नाही. शेतमालकाशी आधी ठरवून, पैसे आधी देऊन, दोन तासांसाठी गेलं तर भार कमी पडतो.

कोरडवाहू

पाण्याचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. बादलीने आंघोळ करणाऱ्या माणसाला १५-२० लिटर पुरतात, आणि ही सवय आपल्याकडे घराघरांत आहे. गेस्टहाऊसला आधीच विचारा: टाकी किती मोठी, टँकर कितीदा येतो, बादली मिळेल का. मालकीण खूशच होईल. आणि नेमकं पावसात जायचं असेल तर मे-जून निवडा, तीच लागवडीची वेळ. फक्त काही वर्षी मे अखेरीस ट्रेझर बीचला कॅलाबाश साहित्य महोत्सव भरतो. त्या दिवसांत खोली मिळत नाही, हे बघून ठेवा.

पाचट

मला या दोन्ही बाजूंपेक्षा तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कोरडवाहू शेती करणाऱ्या मराठी माणसाने तिथे जावं ते आच्छादन शिकायला. वरच्या दोन ओळींवरून ते सोपं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

गवतासाठी वेगळा तुकडा राखलेला असतो. गवत उंच वाढलं पण बी धरलं नाही, तेव्हा कोयत्याने कापायचं. बी धरल्यावर कापलं तर तेच बी वाफ्यात उगवतं आणि पुढे खुरपणीत जीव जातो. नवशिक्याची पहिली चूक हीच. वाळलं की जमिनीवर सारखं पसरायचं. वीतभर सैल थर दबून चार बोटांवर येतो. त्याहून पातळ असेल तर ऊन आत शिरतं आणि तण डोकं काढतं. फार जाड असेल तर हलकी सर गवतातच अडकून वाळते, मातीपर्यंत पोहोचतच नाही. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर पसरायचं, कारण आच्छादन असलेली ओल धरून ठेवतं, नसलेली निर्माण करत नाही. मग हाताने गवत बाजूला सारून पातीच्या कांद्याचे फुटवे किंवा थाइमच्या काड्या लावायच्या. पात साधारण तीन महिन्यांत काढणीला येते. पुढच्या पिकाला त्याच थरावर नवं गवत थोडं वाढवायचं.

कोरडं गवत मातीत मिसळू नये. मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. वर राहिलं तर हा त्रास जवळपास नाही.

आणि पाहुण्यांसाठी दोन कडक नियम यातूनच निघतात. वाफ्यावर पाय ठेवायचा नाही: थर दबतो, खालची रोपं आणि ठिबकच्या नळ्या दिसत नाहीत. आणि शेताच्या जवळपास सिगारेट नाही. वाळल्या गवताच्या शेताला एक थोटूक पुरतं.

गोठा

पाचट, तंत्र छान सांगितलंत, पण "शिकायला जावं" याला माझा ठाम विरोध. तिथलं उचलून इथे लावता येत नाही.

एक, दक्षिण सेंट एलिझाबेथ तिथल्या मानाने कोरडा. पाऊस तरी आपल्या माणदेशाहून बराच जास्त. दोन, तिथे किनाऱ्यावर पारा बत्तीस-तेहतीसच्या आसपास थांबतो, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. तीन, आणि हेच खरं दुखणं: आपल्याकडे कडबा आणि गवत ही जनावरांची पोटं आहेत. चारा छावण्या उघडाव्या लागणाऱ्या तालुक्यात कुणी गवत जमिनीवर अंथरणार नाही आणि अंथरूही नये. गिनी गवत आपल्याकडे पाण्यावरचं चारापीक आहे. एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची?

पाचट

चाऱ्याचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उसाचं पाचट आजही ठिकठिकाणी जाळलं जातं, आणि ते जनावर आवडीने खात नाही. शिकायचं ते गवताचं नाव नव्हे. थराची जाडी, अंथरण्याची वेळ आणि जाळण्याऐवजी राखायची शिस्त. २५-३० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाने तण थांबतं, पण तो पुन्हा काढावा लागतो आणि फाटके तुकडे मातीत राहतात. गवत मातीत जिरतं.

गोठा

पाचटापुरतं मान्य. मात्र तिथेही सगळं सुरळीत नाही, हे सांगायला हवं. अवर्षणात गवताचे तुकडेच वाळतात, वणवे लागतात, गवत विकत घेणं महाग पडतं. कोरड्या दिवसांत पातीवर लष्करी अळीची एक जात, बीट आर्मीवर्म, तुटून पडते. ती पातीच्या नळीत शिरली की वरून फवारलेलं औषध पोहोचत नाही. सिंचनाशिवाय भागणार नाही म्हणूनच ब्रिटनच्या निधीतून याच पॅरिशमधल्या एसेक्स व्हॅलीची सिंचन योजना हाती घेतली गेली. पाहुण्याला हे दाखवलं जात नाही.

पाणवठा

मेलिसा चक्रीवादळाचं काय? कुणीच बोललं नाही. ३ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं. त्यातून सावरत असताना २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा पाचव्या श्रेणीत शेजारच्या वेस्टमोरलंडमध्ये न्यू होपजवळ धडकलं आणि सेंट एलिझाबेथचं मुख्य गाव ब्लॅक रिव्हर उद्ध्वस्त झालं. छप्पर उडालेल्या घरांच्या गावात कॅमेरा घेऊन फिरणं मला अमानुष वाटतं.

कोरडवाहू

कॅमेरा नको, हे शंभर टक्के. पण न जाणं हीसुद्धा शिक्षाच. वादळानंतर माठ महिना-सव्वा महिन्यात हाती येतो, पातीला तीन महिने लागतात, ब्रेडफ्रूट (नीरफणस) आणि ॲकी या फळांची झाडं पुन्हा उभी राहायला काही वर्षं. मधल्या काळात रोख पैसा लागतो आणि तो गेस्टहाऊस, टॅक्सी, खानावळ यांतूनच फिरतो. आधी फोन करून विचारा: वीज-पाणी आहे का, खोली मदतीच्या माणसांना दिली आहे का. असेल तर जाऊ नका. नसेल तर जा, आणि रोख जमैकन डॉलर बरोबर ठेवा. अमेरिकी डॉलरला साधारण १६० मिळतात, एटीएम मोजकी आहेत.

माठ-अंबाडी

वाद चालू द्या, पण जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्यावरून हमखास बिनसतं.

तिथे शेतमालाची चोरी हे शेतकऱ्याचं मोठं दुखणं आहे, त्यामुळे अनोळखी माणूस बांधावर दिसला की आधी संशय येतो. परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका, एक टोमॅटोसुद्धा तोडू नका. पिशवीभरापेक्षा जास्त माल घेतलात तर पावती मागा: राडा या सरकारी कृषी विस्तार संस्थेकडे नोंदलेल्या शेतकऱ्याकडे पावतीपुस्तक असतं. गाडीत क्रेट आणि हातात पावती नाही, तर वाटेत पोलीस अडवू शकतात.

बोलण्याची सुरुवात "गुड मॉर्निंग"ने, थेट प्रश्नाने नाही. हे चुकलं तर माणूस उद्धट ठरतो. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी "मास", बाईच्या नावाआधी "मिस". आपल्या काका-मावशीसारखंच. रविवारी चर्च, पण सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट घरं बरीच आहेत, ती शनिवार पाळतात. कुठला वार चालेल हे आधीच विचारा.

शाकाहारींची अडचण वाटते तेवढी नाही. कॅलालू म्हणजे माठाची भाजी, गंगो पीज म्हणजे तूर, नाताळचं लाल सॉरेल सरबत म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं. फक्त कॅलालूत खारवलेला मासा घालायची पद्धत आहे, ऑर्डर देतानाच सांगा. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं आयटल जेवण बहुतेक शाकाहारीच असतं. बॅमी जरूर खा: कडू कसावा किसून, रस पिळून टाकून भाजलेली जाड भाकरी, नारळाच्या दुधात भिजवून तळलेली. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तोच हा. रस पिळणं ही चवीची बाब नाही, त्यात विषारी सायनाइडचा बराचसा भाग निघून जातो. कच्चा कंद तोंडात घालू नका. ॲकीचंही तसंच. लिची-रिठ्याच्या कुळातलं हे फळ झाडावर आपोआप उघडल्याशिवाय खाणं धोक्याचं.

गोठा

एक राहिलं आणि ते जळगावकडच्या मंडळींसाठी फार महत्त्वाचं. शेतातले बूट तसेच घालून जाऊ नका. केळीच्या पनामा रोगाची ट्रॉपिकल रेस ४ ही बुरशी भारतात आढळली आहे, तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि औषधाने रोग बरा होत नाही. जमैकात २०१६ मध्ये कोकोवर फ्रॉस्टी पॉड रॉट सापडला. त्याचे बीजाणू कपड्यांवरूनही जातात. बूट ब्रशने घासून साबणाने धुवा, वाळवा. शक्य असेल तर नवेच घ्या. परत येतानाही तेच. बियाणं, फुटवे, कंद कुठल्याही दिशेने नेऊ नका.

पाणवठा

हे धाग्याच्या सुरुवातीलाच हवं होतं. बरं, कोरडवाहू, एक विचारते: भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी जमैकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण वाटेत बहुतेक वेळा अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटन लागतं. ट्रान्झिट व्हिसाचा खर्च धरून तीन रात्री परवडतात का? भारतातून जाणाऱ्याला तुम्ही हेच सांगाल?

कोरडवाहू

नाही. नुसत्या तीन रात्रींसाठी भारतातून जाऊ नये. लंडन, टोरोंटो, न्यू जर्सीला मुलांकडे गेलेल्यांनी तिथून जोडून घ्यावं. लंडनहून थेट विमानं आहेत. आणि मग तीनऐवजी सात रात्री ठेवा, म्हणजे एक पूर्ण बाजाराचा आठवडा बघून होतो. स्वतः गाडी चालवणार असाल तर आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक आहे. रूट टॅक्सी घेतलीत तर लाल नंबरप्लेट बघूनच बसा.