अंगावरून जातं, आणि आपण अंगावर काढतो

धागा काढतेय कारण मागच्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ६.८ निघालं. दर दीड तासाला पॅड, गुठळ्या, रिक्षात बसतानाही खाली ओढणी... आणि मी 'चाळिशीत व्हायचंच' म्हणत होते. शिरेतून लोह घेतलंय, पुढचं ठरायचंय. तुम्ही काय केलंत?

*

वय ४६, नाशिक. पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका." जाऊबाईंनी हट्टानं दुसरीकडे नेलं. तिथे थायरॉइड तपासला, अस्तराचा तुकडा बायोप्सीला पाठवला. पंचेचाळिशीनंतर हे टाळू नका. बायोप्सी साफ आली. त्रास होता अ‍ॅडिनोमायोसिसचा, म्हणजे अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं. मिरेना बसवली, म्हणजे पिशवीत ठेवायची हार्मोनवाली तांबीसारखी वस्तू. पहिले चार महिने रोज डाग. इतकी वैतागले की काढूनच टाकणार होते! सहाव्या महिन्यापासून पाळी जवळजवळ नाहीच, ओटीपोटाचा ठणकाही गेला.

*

माझं उलट. पिशवी काढली आणि सुटले. गाठ नऊ सेंटिमीटरची, गोळ्यांना दाद देईना. अंडाशय मात्र ठेवायला लावले, नाहीतर एका दिवसात रजोनिवृत्ती. सहा आठवडे जड उचलायचं नव्हतं; नवरा पोळ्या शिकला. गोल अजून होत नाहीत.

*

२९, पुणे. रक्तस्राव बेताचा, पण कळा अशा की कॉलेजात दोनदा चक्कर येऊन पडले. सात वर्षं ऐकलं, "लग्न झालं की थांबेल." सोनोग्राफी नॉर्मल होती, दुर्बिणीतून एंडोमेट्रिऑसिस दिसला, म्हणजे अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढलेला. आता डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी रोज एक. दुखणं खूप कमी, मूडचा मात्र बोऱ्या.

*

मी पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्सामिक गोळी घ्यायचे. रक्त कमी झालं, दुखणं नाही, त्याला मेफेनॅमिक ही पेनकिलर. पूर्वी माझ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, हे सांगायचं राहिलं होतं. कळताच डॉक्टरांनी ट्रानेक्सामिक थांबवली.

*

बीडची आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ ला गाजल्या. माझी मावशी त्यातलीच. पाळीत खाडा केला की मुकादम पैसे कापायचा. या गोळ्यांची नावंही तिला कुणी सांगितली नव्हती.

*

धागाकर्ती: मिरेना बसवताना भूल देतात का?

*

मला नाही दिली. आधी डॉक्टरांना विचारून पेनकिलर घे. आणि स्कूटर चालवत एकटी जाऊ नकोस, मी गेले होते.