अनुभव धागा: अंगणवाडी दुपारी सुटते, मग कामाचं काय?

अंगणवाडी 1975 पासून आहे. पोषण आहार, लसीकरण तिच्यामुळे दाराशी आलं, पण दिवसभर मूल सांभाळायला ती नाही. 2022 पासूनच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास. जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनो, तुमच्या कामाच्या तासांचं काय झालं? मोकळेपणी लिहा.

चोपडा तालुका, शेतमजूर
वेचणी किलोवर असते. सकाळी दव असतं, ओला कापूस शेतकरी घेत नाही, म्हणून हात खरा चालतो तो ऊन चढल्यावर. नेमकी तेव्हाच अंगणवाडी सुटते. बाकीच्या बाया कापसाने ओटी भरत राहतात आणि मी पोरीला आणायला गावात. संध्याकाळी काट्यावर त्यांचं गाठोडं आणि माझं शेजारी ठेवलं की फरक दिसतो. तिला बांधावर झोळीत टाकता येईल, पण कपाशीवर फवारणी झालेली असते, मन धजत नाही. सासूबाई होत्या तोवर निभावलं. "तुझा हात हळू आहे" असं कुणी म्हटलं की जीव जळतो.

जळगाव, डाळ मिल
मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने पन्नास कामगार असले तर पाळणाघर सक्तीचं केलं. आमच्याकडे तेवढे नाहीत. मी दिवसपाळी, हे रातपाळी. झोप यांची जाते.

धडगाव, रोजगार हमीवरचा मजूर
सहा वर्षांच्या आतली पाच मुलं कामावर असली तर सांभाळायला एक बाई नेमायची, तिलाही मजुरी द्यायची, असं 2005 च्या कायद्यात होतं. तळ्याच्या कामावर आम्ही ते मागून घेतलं. मातीच्या मोजमापावर पैसे. बायकोचं माप त्या आठवड्यापासून पूर्ण भरायला लागलं. मागितलं नसतं तर कुणी दिलं नसतं.

शिरपूर तालुका, अंगणवाडी सेविका
"ताई, तासभर बसू द्या ना" म्हणतात. मी बसवते. पण पुढे गृहभेटी असतात, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर नोंदी असतात, आणि त्या तासाचं मानधन नाही. वेळ जरूर वाढवा, वेचणीच्या हंगामात तर वाढवाच, पण पाळणाघरासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस द्या.

धुळे शहर
सासू म्हणायची, "पोरले कोन देखी?" म्हणून घरीच फॉल-पिको करायचे. वस्तीत दिवसभराचं केंद्र झालं आणि कापडाच्या दुकानात महिन्याच्या पगारावर लागले. केंद्र संध्याकाळी बंद होतं, दुकान रात्री. मधले तास मुलाचे पप्पा सांभाळतात. त्यासाठी त्यांनी ओव्हरटाइम सोडला.