मदत हवी आहे: मॉरिशसचा मांसपुरवठा, आकडे नेमके कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यकात एम.व्ही.एस्सी. करतेय, सेमिनारला छोट्या बेटांवरचा मांसपुरवठा हा विषय घेतलाय आणि देश घेतलाय मॉरिशस. आपल्याकडची कितीतरी माणसं तिथे उसाच्या मळ्यांवर गेली, तिथेच राहिली, तेव्हा निवडताना फार विचारच करावा लागला नाही. पण आता आकड्यांपाशी गाडी अडलीये, कोणी शेतीअर्थशास्त्रातलं किंवा तिथे राहिलेलं असेल तर प्लीज सांगा.

ढोबळ चित्र मला कळलंय. लोकसंख्या साडेबारा लाखाच्या आसपास, त्यात निम्म्याच्या जवळपास हिंदू, साधारण १७ टक्के मुस्लिम, म्हणजे बीफ आणि पोर्क दोन्हीला गिऱ्हाईक मर्यादित, आणि कोंबडी मात्र मांस खाणाऱ्या कुठल्याच घरात अडत नाही. त्यामुळे गेल्या काही दशकांत चिकन सगळ्यांच्या पुढे गेलं, ब्रॉयलरमध्ये देश स्वयंपूर्ण आहे असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, आणि बीफ-मटण बहुतेक बाहेरून, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडचं फ्रोझन वगैरे. हरणाचं मांस हा तिथला वेगळाच प्रकार, डचांनी १६३९ मध्ये जावाहून हरणं आणून सोडली त्यांचीच ही पैदास, मोठ्या इस्टेटींवर पाळतात आणि शिकारीच्या हंगामात मारतात.

आता अडचण. मला दरडोई पुरवठ्याचा १९९० पासूनचा ट्रेंड काढायचाय. एफएओचे (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) देशवार अन्नपुरवठ्याचे ताळेबंद घेतले तर जुनी मालिका २०१३ ला संपते आणि नवीन २०१० पासून सुरू होते, पद्धत बदललीये, मधल्या चार वर्षांना दोन्हीत आकडे आहेत पण ते सारखे नाहीत. सरळ जोडून टाकलं तर मध्येच एक पायरी येते, आणि ती लोकांच्या खाण्यातली आहे की हिशोबातली हे कसं ओळखायचं?

दुसरं म्हणजे चिकनची स्वयंपूर्णता. कोंबडी तिथे वाढते हे खरं, पण मका आणि सोयापेंड सगळी जहाजाने येते. २०२२ मध्ये धान्याचे भाव भडकले तसे खाद्याचे भाव चढले. मग याला स्वयंपूर्ण म्हणायचं का? मला तरी हे पटत नाही, बंदर आठ-दहा आठवडे बंद राहिलं तर शेडमधल्या पक्ष्यांना घालायचं काय हा प्रश्न मला खरंच छळतोय.

तिसरं, दारातली गाय गेली त्याचं. पूर्वी मजुरांच्या घरी एखादी गाय असायची, उसाचं वाढं घालायचे. मग ८०च्या दशकात कापडाच्या फॅक्टऱ्या आल्या, नंतर हॉटेलं, आणि गोठ्यात राबायला माणूस उरला नाही. हे वाचून समजतं पण आकड्यांत कुठे दिसेल?

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवा.
रानजाई

आकडेमोड्या:
रानजाई, मालिका अज्जिबात जोडू नकोस. दोन वेगळ्या रेषा काढ, वेगळ्या रंगात, २०१० ते २०१३ दोन्ही दाखव आणि खाली सरळ लिही की पद्धत बदलल्यामुळे फरक आहे. प्राण्यानुसार वाटा टक्क्यांत काढलास तर चिकन वर गेल्याचं दोन्ही रेषांत दिसायला हवं, तसं दिसलं तर निष्कर्ष पक्का धर.

आणि एक फार महत्त्वाचं, पुरवठा म्हणजे खाणं नव्हे. उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, साठ्यातला फरक, आणि मग भागिले तिथले रहिवासी. पण तिथे २०१९ मध्ये १३.८ लाख पर्यटक आले, रहिवाशांपेक्षा जास्त! सरासरी दहा रात्री धरल्या तर वर्षभर साधारण ३८ हजार जास्तीची माणसं जेवतायत, म्हणजे ३ टक्के, आणि हॉटेलातला माणूस घरच्यापेक्षा जास्त मांस खातो. २०२० मध्ये पर्यटक तीन लाखांवर आले, त्यामुळे त्या वर्षी पुरवठा घसरलेला दिसला तर लोकांनी खाणं कमी केलं असं लगेच लिहू नकोस.

गोठेवाला:
ताई, मी जनावरांच्या व्यापारात होतो म्हणून सांगतो, उत्पादन या शब्दाला फसू नका. जिवंत बैल दक्षिण आफ्रिकेतून जहाजाने आणून तिथल्या कत्तलखान्यात कापला तर तो तिथल्याच उत्पादनात मोजला जातो! एफएओचा नियमच आहे, जिथे कापलं तिथलं. त्यामुळे कस्टम्सच्या आयात मालाच्या कोडयादीतलं पहिलं प्रकरण बघा, ०१०२ जिवंत गुरं, ०१०४ मेंढ्या-बकऱ्या, आणि मग दुसरं प्रकरण, ०२०२ फ्रोझन बीफ, ०२०४ मटण, ०२०७ कोंबडी. जिवंत आयात वजा केल्यावर स्वतःचं बीफ किती थोडं उरतं ते दिसेल, तुमचा गायीचा प्रश्न तिथेच सुटेल. शिवाय बोनलेस आयात हाडासकट वजनात बदलून घ्या, बीफचं बोनलेस साधारण ७० टक्के निघतं.

अजून एक, रॉड्रिग्सला विसरू नका. ते बेट मॉरिशसचंच, तिथून गुरं-बकऱ्या मुख्य बेटावर जायच्या. २०१६ च्या मध्याला तिथे लाळ्या-खुरकूत आला, मुख्य बेटावरही पोचला, वाहतूक बंद, जनावरं मारावी लागली, आणि तेही बकरी ईदच्या तोंडावर. त्याआधी २००७ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरं गेली होती. या दोन वर्षांवर ग्राफमध्ये खूण करा.

रानजाई:
दोघांनाही मनापासून थँक्यू! जिवंत आयातीचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच ०१०२ आणि ०१०४ उतरवून घेते. लाळ्या-खुरकूत वाचून वाईट वाटलं, चार बकऱ्या पाळणाऱ्या माणसाचं अशात काय होतं हे आम्ही इथे लसीकरण कॅम्पला बघतो, सेमिनारमध्ये त्याला वेगळी स्लाइड देणारच. पण खाद्याचं अजून कोणी बोललं नाहीये. एक किलो ब्रॉयलर मांसाला किती मका-सोया लागतो ते धरून आयातीचं धान्यही मांसाच्या हिशोबात घ्यायचंय, कोणी असं गणित केलं असेल तर पद्धत सांगाल का?