शब्दचर्चा : रोध, धारा, दाब आणि अवघडलेली 'शक्ती'

रकानेवाली
आयटीआयच्या मुलांसाठी एक्सेलमध्ये छोटा तक्ता करतेय. चार रकाने : व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स, पॉवर. कुठलेही दोन भरले की उरलेले दोन आपोआप येतात. सूत्रं बसली, गाडी अडलीय मथळ्यांवर. शाळेच्या पुस्तकातले शब्द घेतले तर विभवांतर, विद्युतधारा, रोध, शक्ती. एक सहकारी 'प्रतिरोध' म्हणतोय. नमुन्याला घरचा गिझर घेतलाय : २३० व्होल्ट, ८.७ अँपिअर. भागलं की २६.४ ओहम, गुणलं की २००० वॅट. मथळे काय देऊ?

निवृत्त मास्तर
प्रतिरोध हिंदी पुस्तकांतला. मराठीत नुसता रोध पुरतो आणि तो परकाही नाही. गतिरोधकावरून रोज आदळत जातोच की आपण. पण एक खड्डा आहे. रोध करणारी वस्तू ती रोधक, असं सरळ वाटतं. मात्र 'विद्युतरोधक' म्हटलं की पक्कडीच्या मुठीवरचं आवरण डोळ्यांपुढे येतं, म्हणजे वीज जाऊच न देणारं. गिझरच्या कॉइलला रोध आहे, पण ती विद्युतरोधक नव्हे. म्हणून राशीला रोध म्हणा आणि वस्तूला रेझिस्टरच राहू द्या.

विभवांतर अचूक आहे, पण फळ्यावरून खाली उतरलेला मी पाहिला नाही. 'दाब' जिवंत आहे : उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक, 'कमी दाबाने वीजपुरवठा'.

पाटीपेन्सिल
मला धारा खटकते. म्हशीची धार, विळ्याची धार, आणि जुन्या दप्तरात धारा म्हणजे शेतसारा. प्रवाह म्हटलं तर समजावून सांगावं लागत नाही. (चिन्ह मात्र 'आय' का, हे मुलं हमखास विचारतात. ते फ्रेंचमधल्या 'तीव्रता' या अर्थाच्या शब्दाचं आद्याक्षर आहे.)

टेस्टर खिशात
वीस वर्षं वायरिंग करतोय. वरचा एकही शब्द आमच्या तोंडात नाही. आम्ही राशीचं नावच घेत नाही, मापाचं घेतो. गिझर किती वॅटचा? मोटर किती एचपीची? एमसीबी किती अँपिअरची? 'होल्टेज' तेवढं नावाने. ओहम कुणीच विचारत नाही. कॉइल शाबूत आहे का बघायला मीटर लावतो आणि म्हणतो, 'कंटिन्युटी आहे'. रेझिस्टन्सला आमच्याकडे शब्द नाही तो यामुळे.

क्रियापदं मात्र भरपूर. मोटर करंट ओढते, गिझर लाइट खातो, होल्टेज पडतं, वायर तापते.

रकानेवाली
म्हणजे रोध हा कोरा शब्द. बोलण्यात त्याला दुसरा अर्थच चिकटलेला नाही, तर तोच सगळ्यांत बिनधोक! आणि शक्ती?

निवृत्त मास्तर
खरी अडचण तिथे. स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती, बाळंतिणीला डिंकाच्या लाडवाने येते ती शक्ती. पुस्तकात बल निराळं, ऊर्जा निराळी, आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. मुलं उत्तरपत्रिकेत 'शक्ती खर्च झाली' लिहितात. खर्च होते ती ऊर्जा. तुमचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख जूल. शक्ती पहिल्या मिनिटालाही २००० वॅटच होती. तरी हा शब्द काढून टाकवत नाही, कारण अश्वशक्तीत तो नेमक्या अर्थाने मुरलाय : एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. वीजबिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्येच असतो आणि 'भारनियमन' हा शब्द तर लहान पोरालाही ठाऊक आहे, पण भार म्हणजे विजेवर टाकलेलं ओझं. तुमच्या रकान्याला तो जरा सैल होईल.

टेस्टर खिशात
मथळ्याइतकीच एक सूचना महत्त्वाची. पोरांना वाटतं, दाब पडला की गिझर जास्त करंट ओढणार. रोध २६.४ कायम ठेवून १८० व्होल्ट टाकायला सांगा. ६.८ अँपिअर येतील आणि वॅट सव्वाबाराशेच्या आसपास. पाणी तापायला उशीर लागतो तो त्यामुळे. विहिरीवरची मोटर उलट वागते. लोड तोच राहिला तर दाब पडल्यावर ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. तिला हा तक्ता लावू नका.

पाटीपेन्सिल
जुना पिवळा बल्बही फसवतो. २३० व्होल्टवरच्या १०० वॅटच्या बल्बचा रोध हिशोबाने ५२९ ओहम. थंड बल्बला मीटर लावला तर चाळीसच्या आसपास. मीटर बिघडलेला नसतो, तार तापली की रोध वाढतो. मथळ्यात 'चालू असताना' जोडाच.

ओहमबद्दलही जाता जाता : गेऑर्ग ओम याच्या आडनावातला ह जर्मनमध्ये उच्चारत नाहीत, तो फक्त ओ लांबवतो. आपण तो स्पेलिंगमधून उचलला. आता सगळी पुस्तकं ओहम लिहितात, राहू द्या.

रकानेवाली
मग असं करते : दाब (व्होल्ट), प्रवाह (अँपिअर), रोध, चालू असताना (ओहम), शक्ती (वॅट). मापं ठळक अक्षरात, म्हणजे टेस्टरवाल्या दादांची मुलंही अडणार नाहीत.

टेस्टर खिशात
चालेल ताई. पण २३० गुणिले ८.७ म्हणजे २००१ येतात. ८.६९६ टाका, नाहीतर त्या एका वॅटवरून वर्गात तासभर भांडण.