'रूबी रेड': नायक उशिरा येतो, पण...

'रूबी रेड' या कादंबरीत नायक इतक्या उशिरा येतो की हिला प्रेमकथा म्हणवत नाही, हे तुमचं म्हणणं कळलं. मला मात्र तो उशीरच आवडतोय. केर्स्टिन गिअरची ही मूळ जर्मन कादंबरी (२००९) मी अँथिया बेल यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचतेय, अजून निम्मीही झालेली नाही.

लंडनच्या एका घरात सगळ्यांचे डोळे शार्लटवर, कारण काळात मागे जाण्याची देणगी तिलाच मिळणार असं सगळे धरून चाललेले. तलवारबाजी, इतिहास, परक्या भाषा, सगळं तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि भूतकाळात जाऊन पडते कोण, तर तिची सोळा वर्षांची मावसबहीण ग्वेनेथ, जिला कुणी काहीच शिकवलेलं नाही! तीही मॅडीआजीसाठी लिंबाच्या गोळ्या आणायला निघालेली. पोटात कसंतरी होतं, घेरी येते, आणि रस्ता तोच, पण समोरून जुन्या काळातली मोटार येते. हा प्रसंग मी दोनदा वाचला.

नायक येण्याआधी त्या पोरीची भीती, तिचं एकटेपण आपल्याला कळायला हवं ना? लेस्लीसारखी मैत्रीण तिच्यावर लगेच विश्वास ठेवते, तिथे तर मला भरूनच आलं. नायक गिडिअन सुरुवातीला फार तोऱ्यात वागतो, ते खटकलं खरं. तरी पुस्तक सोडू नका. पुस्तकाच्या सुरुवातीला १९१२ सालच्या हाईड पार्कमध्ये भेटणाऱ्या त्या जोडप्याचं काय झालं, हे मला कळायलाच हवंय.