गरम झाल्यावर बंद पडणारं इंजिन: आधी टॅकोमीटर बघा

तुम्ही इथे विचारलंय की तुमची पोर्शे ९४४ गाडी अर्धा तास छान चालते, मग मध्येच बंद पडते आणि थोडी थंड झाली की काहीच न झाल्यासारखी सुरू होते. तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना बऱ्याच जणांनी फ्युएल पंप (पेट्रोल इंजिनपर्यंत ढकलणारा पंप) बदलायला सांगितलंय. तो खर्च आत्ताच करू नका.

पुढच्या वेळी गिअरमध्ये असताना इंजिन गेलं, तर (मागे गाडी नसेल तरच) क्षणभर क्लच न दाबता टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा) बघा. चाकं इंजिन फिरवत असूनही काटा झटकन शून्यावर आला, तर इंजिनच्या कॉम्प्युटरचा करंट किंवा फ्लायव्हीलजवळच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाजवळच्या) सेन्सरचा सिग्नल तुटतोय. काटा वेगाबरोबर सावकाश उतरला, तर पेट्रोलच्या बाजूने शोधा.

माझा पहिला संशय डीएमई रिलेवर (डीएमई म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच). कॉम्प्युटर आणि पंप दोघांनाही करंट तोच देतो, त्यामुळे वरची दोन्ही लक्षणं त्याच्यात बसतात. कव्हर काढून पिनांच्या बुडाशी भिंगातून बघा: सोल्डरभोवती केसाइतकी बारीक गोल भेग असते. तापली की उघडते, गार झाली की टेकते. एक चांगला रिले गाडीत जादा ठेवाच.

रिले ठीक निघाला, तर चालू इंजिनवर किल्ली हळूच हलवून बघा. माझ्या जुन्या गाडीने दोन महिने छळलं आणि शेवटी झिजलेला इग्निशन स्विच सापडला. किल्लीला जड जुडगा लटकत असायचा. सेन्सरचे कनेक्टरही तपासा, त्यांचं प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ होतं.

काटा कसा पडला ते नक्की कळवा.