रशियाचे रणगाडे आणि हेगची नोंदवही: हसायचं की दावा लावायचा?

हिशेबनीस:
इराकने कुवेतवर चढाई केली तेव्हा माझे मामा तिथे होते. १९९० च्या सप्टेंबरात ते कुवेतहून अम्मानमार्गे एका बॅगेनिशी मुंबईत उतरले. एअर इंडियाने तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीय आणले, त्यातले ते एक. काही वर्षांनी त्यांच्या हातात डॉलरमधली भरपाई पडली, तीही इराकच्या तेलाच्या पैशातून! सुरक्षा परिषदेने १९९१ मध्ये ठराव ६८७ करून नुकसानीची जबाबदारी इराकवर टाकली आणि जिनिव्हात भरपाई आयोग बसवला. पळून यावं लागलेल्या एकट्या माणसाला अडीच किंवा चार हजार डॉलर असा बांधीव दर होता, दावे सरकारमार्फत जात. आयोगाने एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले. शेवटचा हप्ता गेला जानेवारी २०२२ मध्ये, आणि २२ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने आयोगाचं दप्तर गुंडाळलं. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडे होतं. दोनच दिवसांनी रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले.

तर मुद्दा असा. २०२४ पासून हेगमध्ये एका नोंदवहीत युक्रेनच्या नुकसानीचे दावे नोंदवले जाताहेत. ‘कागदी घोडे’ म्हणून त्याला हसू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये महासभेत रशियाने भरपाई द्यावी असा ठराव आला तेव्हा आपण तटस्थ राहिलो, ते मला चुकलं असं वाटतं. भरपाई घेतलेल्यांच्या यादीत आपणही होतो.

रोखठोक:
मामांना पैसे मिळाले ते इराक हरला म्हणून. आधी बॉम्ब पडले, मग ठराव ६८७ आला. रशियाला हरवायला कोण निघालंय? २५ फेब्रुवारी २०२२ ला परिषदेत ११ देश ‘रशियाने माघार घ्यावी’ या ठरावाच्या बाजूने होते, रशियाने एकट्याने नकाराधिकाराचा हात वर केला आणि विषय संपला. ज्याची बॅट त्याची बॅटिंग! मग महासभेत तीच मागणी, १४१ विरुद्ध ५. टाळ्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्चला कारवाई थांबवा म्हणून सांगितलं, १३ विरुद्ध २. थांबली का?

तारीख पे तारीख:
रोखठोकसाहेब, त्या १३ जणांत आपले दलवीर भंडारीही होते. सरकार तटस्थ, न्यायाधीश मात्र नाही. हे आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही.

आणि एक घोळ इथे नेहमी होतो. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांचे आपसातले खटले ऐकतं. पुतिनवर मार्च २०२३ मध्ये वॉरंट काढलं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने, तेही युक्रेनची मुलं उचलून नेल्याबद्दल. शेजाऱ्यावर चढाई केली हा गुन्हा त्या वॉरंटात नाहीच, कारण रशिया त्या न्यायालयाचा सदस्य नाही आणि या एका गुन्ह्यापुरती बिगर-सदस्यांना नियमांतच सूट आहे. म्हणून तर जून २०२५ मध्ये युक्रेन आणि युरोप परिषदेने स्वतंत्र न्यायाधिकरणाचा करार केला.

रोखठोक:
वॉरंट निघालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियात जाऊन सलामी घेऊन आले. मंगोलिया त्या न्यायालयाचा सदस्य आहे. पुढे बोला.

मांडवीकाठ:
नकाराधिकाराला शिव्या घालणाऱ्यांनी जरा १८ डिसेंबर १९६१ आठवावा. आपलं सैन्य गोव्यात शिरलं त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ‘लढाई थांबवा, मागे फिरा’ असा ठराव आला. सात देश बाजूने, चार विरोधात. सोव्हिएत नकाराधिकार नसता तर ठराव पास होता. आमच्या आजोबांच्या पिढीला मॉस्कोबद्दल जे वाटायचं ते उगाच नव्हे.

तारीख पे तारीख:
मांडवीकाठ, उपकार मान्य. पण गोवा आणि युक्रेनमधलं खारकीव्ह एका तागडीत घालू नका. १९६० च्या डिसेंबरात महासभेने गोव्याची गणना पोर्तुगालच्या अस्वशासित प्रदेशांत, म्हणजे वसाहतींत केली होती, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार त्यांची माहितीसुद्धा द्यायला तयार नव्हता. युक्रेन कुणाची वसाहत आहे? १९९४ च्या बुडापेस्ट करारात रशियाने स्वतः त्याच्या सीमा मानल्यात, अण्वस्त्रांच्या बदल्यात.

मांडवीकाठ:
एका तागडीत घालत नाही हो. फक्त आपण तटस्थ का बसतो याचं एक जुनं कारण सांगितलं. कर्ज फिटलं की नाही ते तुम्ही ठरवा.

दजला:
हिशेबनीस, मामांबद्दल आदर आहे. पण ते ५२ अब्ज कुणी भरले? सद्दामने नव्हे. २००५ साली बगदादमध्ये जन्मलेलं पोर कुवेत-युद्धाचा हप्ता फेडत मोठं झालं. सुरुवातीला तेलाच्या उत्पन्नातले ३० टक्के कापले जायचे, आणि तेही निर्बंधांनी औषधं मिळेनाशी झालेल्या देशातून. या गोष्टीला ‘कायद्याचा विजय’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हिशेबनीस:
हे लागलं. खरं सांगायचं तर लिहिताना माझ्या डोक्यात फक्त घेणाऱ्याची बाजू होती, देणाऱ्याचा चेहरा नव्हता.

तरी नोंदवहीबद्दलचं मत बदलत नाही. हप्ता किती आणि किती वर्षं हे पुढे ठरवता येतं. कुणाचं घर कधी पडलं ते आज लिहिलं नाही तर वीस वर्षांनी कोण सांगणार? आणि रोखठोक, या वेळी पैसा आधीच अडकलाय: रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांत गोठवलेत, बहुतेक बेल्जियममध्ये.

रोखठोक:
गोठवणं वेगळं, जप्त करणं वेगळं. दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या पैशाला हात लावायला ते स्वतःच कचरतात, व्याजावर भागवतात. आणि कचरतात ते बरंच आहे. उद्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीवर कुणाची नजर गेली तर? या एका बाबतीत मी कायद्याच्या बाजूने, हसा आता.

तारीख पे तारीख:
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

दजला:
हिशेबनीस, एक विचारायचं राहिलं. मामांनी पुरावा काय जोडला होता?

हिशेबनीस:
पासपोर्टवरचे शिक्के. बाकी सगळं कुवेतच्या खोलीत राहिलं, दिवाळीत आणायचा म्हणून घेतलेला टीव्हीसुद्धा. पण चार हजारांचा दर हवा तर दुसरा कुठलाच दावा करायचा नाही, अशी अट होती. मामांनी चार हजार घेतले. मामी अजून टीव्हीचं काढते.